गाणी जमली, आता लिहायला बस

बाळा, कॉलेजातली गाणी आणि तिथलं जगणं यावरचा तुमच्या गटाचा प्रोजेक्ट झाला, आता ‘आम्ही काय शिकलो’ तेवढं लिहायचं राहिलंय म्हणालीस. सामरवरणीला येशील तेव्हा बोलूच. तोवर मावशीचं हे वाचून ठेव.

१. आधी सगळ्यांना एकदा चहाला जमव आणि ज्याची आठवण त्याच्याच शब्दांत टिपून घे — एकट्याने आठवलं की आपलं काम मोठं दिसतं, दुसऱ्याचं जागरण दिसतच नाही.

२. माइक धरणारा, परवानगीच्या अर्जावर सही आणणारी, सगळ्यांची नावं घाल — गाणाऱ्याला टाळ्या, सतरंजी घालणाऱ्याला निदान एक ओळ.

३. तारप्याला ‘आदिवासी वाद्य’ म्हणून मोकळी होऊ नकोस. वाळला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान, मेण, सगळं लिही. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, आणि तो वळला की नाचणाऱ्यांची रांगही वळते — गॅदरिंगला रांग प्रेक्षकांकडे तोंड करून उभी केली की हेच हरवतं, आणि मला तरी तुमच्या कामातलं सगळ्यांत मोलाचं हेच वाटतं.

४. गटातल्या वारली मुलाला फक्त तारप्याचं विचारू नका — त्याला रॅप आवडत असेल, तर तेही तुमच्या कॉलेजचंच संगीत आहे.

५. आपल्या भागाचं गाण्याशी नातं जुनं आहे, ते एका परिच्छेदात येऊ दे. १९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवण्याच्या मुक्तिलढ्याला पैसा हवा होता, तेव्हा पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला. सुधीर फडके तर स्वतः लढ्यात उतरले, आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं — मुक्तिदिनाला कॉलेजात गाणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायलाच हवं.

६. भांडणंही लिही, गरब्याला किती पानं, तारप्याला किती, यावरून अबोला धरलात ना? कोण बरोबर ते सोड, तोडगा कसा निघाला ते सांग — पुढच्या वर्षीच्या मुलांना तोच उपयोगी पडेल.

७. ज्यांनी गायलं त्यांना रेकॉर्डिंग ऐकवून ये, आणि कुठे वाजवलेलं चालेल तेही विचार — लग्नातलं, देवाचं गाणं कुठेही वाजवलेलं प्रत्येकाला रुचत नाही.

८. प्रत्येक फाइलला गाणाऱ्याचं नाव, जागा, तारीख आणि भाषा आजच लिही — ‘नवीन ७’ म्हणजे कोण, हे दिवाळीपर्यंत तुलाही आठवणार नाही.

९. एक प्रत मैत्रिणीच्या घरी ठेव — आपल्याकडच्या पावसात मोबाइल भिजायला वेळ लागत नाही.