पर्शियन मांजराच्या आईबापांची चौकशी

रायपूरच्या शंकरनगरमधल्या एका ताईंनी लिहिलं आहे. लेकीच्या हट्टापायी त्यांनी पर्शियन पिल्लू आणलं, त्याला आता तीन वर्षं झाली. इतके दिवस खातंपितं, खेळकर होतं. गेल्या काही महिन्यांत मात्र वजन उतरलं, पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा रिकामं व्हायला लागलं, आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत सिस्ट निघाले. ‘आमच्या हातून खाण्यापिण्यात काही कमीजास्त झालं का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, आधी हे मनातून काढून टाका. हे सिस्ट तुमच्या घरच्या अन्नानं झालेले नाहीत. पिल्लू आईच्या पोटातून येतानाच ते घेऊन आलं होतं. या आजाराला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, थोडक्यात पीकेडी म्हणतात. एका जनुकातल्या दोषामुळे मूत्रपिंडात पाण्यानं भरलेल्या बारीक पिशव्या तयार होतात. जन्मतः त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या असतात, वर्षागणिक वाढतात आणि मूत्रपिंडाचा चांगला भाग दाबून टाकतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर करड्या मूत्रपिंडात काळे गोल डाग दिसतात, ते हेच. पुढे पुढे तर पोटावरून हात फिरवतानाच मूत्रपिंड गाठाळ आणि मोठं लागतं. बहुतेक मांजरांत सातव्या वर्षाच्या आसपास मूत्रपिंड थकतं. काहींत तिसऱ्या वर्षीच, तर काही दहा वर्षं ओलांडूनही बरी राहतात.

दोष आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. एक जण बाधित असला, तर प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स इथल्या जुन्या पाहण्यांमध्ये पर्शियन मांजरांपैकी तिसरा हिस्सा ते जवळपास निम्मी बाधित निघाली होती. 2004 मध्ये हा जनुकीय दोष नेमका सापडला आणि त्यावर तपासणी निघाली. तिथल्या जबाबदार पाळणाऱ्यांनी बाधित मांजरांची पैदास थांबवली. आजार रोखता येतो याचा याहून मोठा पुरावा नको. म्हणूनच आपल्याकडे आजही विनातपासणी पिल्लं विकली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

रायपूरच्या बाजारात पिल्लाचा भाव ठरतो चेहऱ्यावरून आणि केसांवरून. डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस, ट्रिपल कोट. घेणाराही तेवढंच विचारतो. काहींना वाटतं की डॉल फेस मांजराचं नाक ठीक, म्हणजे तब्येतही ठीक. चपट्या नाकाच्या मांजराला श्वासाचा, डोळ्यांतून पाणी वाहण्याचा आणि दातांचा त्रास जास्त होतो, हे खरं. पण मूत्रपिंडाचा दोष चेहऱ्याशी बांधलेला नाही. डॉल फेसमध्येही तो तितकाच असू शकतो, आणि पर्शियन व देशी यांच्या क्रॉसमध्येही. हिमालयन आणि एक्झॉटिक शॉर्टहेअर ही तर पर्शियनचीच भावंडं.

विकणारे सांगतात, ‘आमच्या मांजरीची आजवर एकही तक्रार नाही.’ ते खोटं बोलत असतील असं नाही. हा आजार बोलायला लागतो तोवर वर्षं लोटतात, आणि तोपर्यंत त्या मांजरीच्या कितीतरी वेती होऊन पिल्लं गावोगाव गेलेली असतात. तेव्हा पिल्लू घेण्याआधी आई आणि बाप दोघांचाही पीकेडीचा जनुकीय रिपोर्ट मागा. गालाच्या आतून काडी फिरवून किंवा थोडं रक्त घेऊन नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. दोघंही निगेटिव्ह असतील तर पिल्लांची या आजारापुरती काळजी मिटली. रिपोर्ट नसेल तर पिल्लाचाच करून घ्या, त्याला वयाची अट नाही. सोनोग्राफी मात्र साधारण दहा महिन्यांनंतरच भरवशाची. दोन महिन्यांच्या पिल्लाची सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून निश्चिंत होऊ नका. लसीकरणाचं कार्ड हवंच, पण त्यावरून वंशाबद्दल काही कळत नाही.

दुसऱ्या जातींचंही थोडक्यात सांगतो. मेन कून आणि रॅगडॉलमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार घराण्यातून येतो. दोन्हींसाठी जनुकीय तपासणी आहे, पण ती स्वच्छ असली तरी मधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावीच लागते. अशा मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे आणि गार पडले, ते वेदनेनं ओरडायला लागलं, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. आणि स्कॉटिश फोल्ड घेऊ नका. ज्या दोषामुळे त्याचे कान मोहक दुमडतात, तोच दोष अंगभर कूर्चेत असतो आणि सांधे दुखवतो. तपासणी करून चांगलं फोल्ड निवडता येत नाही.

आता ताईंच्या मांजराकडे. सिस्ट विरघळवणारं औषध नाही, पण उरलेलं मूत्रपिंड सांभाळता येतं आणि मांजर बरीच वर्षं सुखानं जगू शकतं. रक्तात क्रिएटिनिन, एसडीएमए आणि फॉस्फरस, शिवाय लघवीची तपासणी आणि रक्तदाब, एवढं आधी होऊ द्या. क्रिएटिनिन वाढतं तेव्हा मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते, म्हणून नुसतं तेवढं नॉर्मल आलं तर थांबू नका. रायपुरात एखादी सोय नसेल तर दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट घेऊन जा.

घरी सगळ्यात मोठं काम पाण्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 च्या वर जातो, आणि मूत्रपिंड थकलेलं मांजर लघवीवाटे जाणारं पाणी रोखू शकत नाही, त्यामुळे फार लवकर सुकतं. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, जेवणाच्या ताटलीपासून आणि लिटरपासून लांब, पसरट आणि काठोकाठ भरलेली. कोरड्या दाण्यांऐवजी वेट फूड द्या, त्यात आणखी चमचाभर कोमट पाणी कालवा. दिवसाला किती पाणी जातं ते आठवड्यातून एकदा मोजा. चार किलोच्या मांजरानं दोनशे मिलीच्या वर पाणी पिणं आजाराचं लक्षण असू शकतं. लिटर साफ करताना गोळ्यांकडे लक्ष द्या. लिंबाएवढा गोळा मोसंबीएवढा व्हायला लागला की लघवी वाढली असं समजा. दुपारी कूलर चालू असू द्या, लाईट गेली तर ओला टॉवेल फरशीवर अंथरा. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर वाट बघू नका.

मूत्रपिंडाच्या खास अन्नावर हळूहळू, पंधरा दिवसांत आणा. ते खातच नसेल, तर दुसरं जे खाईल ते द्या आणि डॉक्टरांना कळवा. उपाशी मांजराचं यकृत काही दिवसांतच बिघडतं. मात्र ‘आजारी आहे, हलकं देऊ’ म्हणून दूधपोळीवर किंवा दहीभातावर ठेवू नका. आपल्यातल्या बऱ्याच शाकाहारी घरांत हे प्रेमानं केलं जातं, पण मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं द्रव्य लागतंच. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. पुढे डॉक्टर कातडीखाली सलाईन द्यायला सांगतील. ते घरी शिकून घेता येतं. पाहायला वाटतं तितकं अवघड नाही. आणि ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. आपली एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. माणसांच्या दुखण्यावरच्या इतर गोळ्याही मूत्रपिंडाचं उरलंसुरलं बळ संपवतात.

नवं पिल्लू घेणाऱ्यांसाठी आणखी एक. पिल्लू आणल्यावर काही आठवड्यांतच ताप उतरेनासा झाला, पोट फुगलं, अंगावरचं मांस गेलं, तर तो एफआयपी असू शकतो. दाटीवाटीनं मांजरं ठेवलेल्या जागेतून एक कोरोना विषाणू येतो आणि काही पिल्लांच्या अंगात रूप बदलून हा आजार करतो. पूर्वी हे निदान म्हणजे मरण होतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जीएस 441524 या औषधानं 31 पैकी 25 मांजरं दीर्घकाळ जगली. उपचार बारा आठवड्यांचे आणि महागडे आहेत, पण ‘काही उपाय नाही’ असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पैशांबद्दलही बोललं पाहिजे. 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणीचा कागद बघा, बिल घ्या, पैसे खात्यावर भरा. पहिल्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांना दाखवून दोष निघाला तर विकणारा काय करणार, हे पावतीवरच लिहून घ्या. फसवणूक झाली असेल तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, तक्रारीची मुदत दोन वर्षं. पीकेडी उशिरा कळतो, म्हणून सुरुवातीची कागदपत्रं जपून ठेवणं फार महत्त्वाचं.

ताईंनी शेवटी विचारलं आहे की नसबंदी अजून झालेली नाही, एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत का. नाही, ताई. निम्म्या पिल्लांच्या वाट्याला हेच येईल. रक्तदाब आणि मूत्रपिंड बघून भूल झेपणार असेल तर नसबंदी करून घ्या, नाहीतर घरातच राखा. आणखी एक करा. ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्यांना रिपोर्टचा फोटो पाठवा आणि त्याच वेतीची बाकीची पिल्लं कुणाकडे गेली ते विचारा. त्या घरांतली मांजरं आज ठणठणीत दिसत असतील, पण त्यांची सोनोग्राफी आत्ताच झाली तर त्यांच्या हातात काही वर्षं जास्त राहतील.