विमानातला खोकला किती रांगा ओलांडतो?

प्रश्न : पुढच्या महिन्यात मुलाकडे दुबईला जायचं आहे. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. शेजारी सांगतात, विमानात तीच तीच हवा फिरत राहते, एक जण खोकला की सगळ्यांना सर्दी. पण डोंबिवलीत ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण सापडला तोही विमानानेच आला होता, आणि त्याच्या सहप्रवाशांना काही झालं नाही असं वाचल्याचं आठवतं. खरं काय मानायचं? – एक वाचक भगिनी, खडवली

उत्तर : तुम्हाला आठवतं ते बरोबर आहे. महाराष्ट्रातला ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण ४ डिसेंबर २०२१ रोजी कल्याण-डोंबिवलीत जाहीर झाला. तो २४ नोव्हेंबरला केप टाउनहून दुबई आणि दिल्लीमार्गे मुंबईत उतरला होता. दिल्ली-मुंबई विमानातल्या त्याच्या २५ सहप्रवाशांची तपासणी झाली आणि सगळ्यांचे अहवाल निगेटिव्ह आले. मात्र त्याच्या पावणेदोन वर्षं आधी, ९ मार्च २०२० रोजी, दुबईहून परतलेलं पुण्याचं एक दांपत्य महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण ठरलं. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी, मुंबईहून त्यांना पुण्याला नेणारा टॅक्सीचालक आणि विमानातला एक सहप्रवासी यांचेही अहवाल पॉझिटिव्ह आले. म्हणजे दोन्ही बाजूंना पुरावा आहे. विमानाची हवा आणि शेजाऱ्याचा श्वास या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की हा पेच सुटतो.

आधी हवा. विमान उडत असताना आत येणाऱ्या हवेत साधारण निम्मी हवा बाहेरची, ताजी असते. उरलेली निम्मी आतलीच, पण ती हेपा फिल्टरमधून गाळून परत सोडलेली असते. हे फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे कण ९९.९७ टक्के अडवतात. इथे पुष्कळांना शंका येते की विषाणू तर याहून लहान, मग तो निसटत नसेल का? नाही निसटत. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडायला सर्वांत अवघड, म्हणून परीक्षा त्या आकारावर घेतात. त्याहून बारीक कण सरळ न जाता सैरभैर हलत राहतात आणि फिल्टरच्या धाग्यांवर आपटून चिकटतात. शिवाय विषाणू सहसा एकटा हिंडत नाही, तो थुंकीच्या सूक्ष्म थेंबात बसून येतो.

केबिनमधली सगळी हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलली जाते. एवढी हवा घरात किंवा बंद काचांच्या गाडीत खेळत नाही. ती येते डोक्यावरून आणि त्याच रांगेच्या आसपास पायांजवळच्या जाळीतून बाहेर ओढली जाते. पुढून मागे वाहणारा झोत असा नसतोच. त्यामुळे पाचव्या रांगेतल्या माणसाची सर्दी विमानाची यंत्रणा पंचविसाव्या रांगेत नेऊन पोचवते, ही समजूत सोडून द्यावी. (काही छोट्या विमानांत असे फिल्टर नसतात. दुबईला जाणाऱ्या मोठ्या जेटमध्ये ते असतात.)

ही यंत्रणा बंद पडली तर काय होतं, तेही पाहायला मिळालेलं आहे. १९७७ साली अलास्कात एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळे काही तास जमिनीवर अडकलं. आत ५४ माणसं, त्यांतल्या एकीला फ्लू, आणि हवा खेळवणारी यंत्रणा त्यातले दोन-तीन तास बंद. तीन दिवसांच्या आत सुमारे ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. तुमच्या शेजाऱ्यांना वाटणारी भीती अगदीच निराधार नाही. मात्र ती उडत्या विमानापेक्षा थांबलेल्या विमानाला जास्त लागू पडते.

आता शेजाऱ्याचा श्वास. शेजारचा माणूस खोकला तर थेंब पायांजवळच्या जाळीची वाट पाहत नाहीत. फिल्टरपर्यंत जाण्याआधीच ते तुमच्या नाकाशी येतात. इथे अंतर आणि वेळ या दोनच गोष्टी महत्त्वाच्या. मार्च २०२० च्या सुरुवातीला लंडनहून हनोईला गेलेल्या विमानात बिझनेस क्लासमध्ये एक आजारी प्रवासी होती. सुमारे दहा तासांचा प्रवास, आणि मास्कची सक्ती तेव्हा नव्हती. पुढे सापडलेल्या १५ बाधितांपैकी १२ जण त्याच बिझनेस क्लासमधले होते.

मग दोन रांगा सोडून बसलं की निर्धास्त? तसंही नाही. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात सार्सच्या एका रुग्णासोबत प्रवास केलेले २२ जण पुढे आजारी पडले, आणि त्यांतले काही बऱ्याच रांगा दूर बसलेले होते. तो प्रवास तीनच तासांचा, म्हणजे जवळजवळ तुमच्या मुंबई-दुबईइतकाच. दोन रांगांचा हिशेब आरोग्य खात्याला सहप्रवासी शोधायला सोयीचा पडतो, पण ती काही भिंत नव्हे. माणसं उठतात, स्वच्छतागृहाकडे जातात, सामान काढताना एकमेकांच्या तोंडासमोर उभी राहतात.

डोंबिवलीच्या प्रवाशाच्या वेळी देशांतर्गत विमानांत मास्क सक्तीचा होता आणि दिल्ली-मुंबई अंतर दोनेक तासांचं, हे लक्षात घ्या. शिवाय एका प्रवासावरून नियम बांधता येत नाही. पुण्याच्या प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटतो तो टॅक्सीचालक. त्याने विमानात पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं. मुंबई ते पुणे तीन-चार तास एका छोट्या गाडीत, ना फिल्टर, ना तासाला वीस वेळा बदलणारी हवा. आपण सगळा धसका विमानाचा घेतो आणि विमानतळाबाहेरच्या गाडीत बसताच मास्क काढून ठेवतो. खडवलीहून निघालेल्या माणसाची तर कसाऱ्याहून येणारी लोकल, घाटकोपरचा पूल, मेट्रो किंवा रिक्षा, मग सुरक्षा तपासणीची रांग असा प्रवास विमानाच्या दारापर्यंत पोचण्याआधीच होतो. या साखळीत उडतं विमान ही काही सर्वांत कच्ची कडी नाही.

आणखी एक गैरसमज. उतरल्या उतरल्या घसा खवखवला की ‘विमानात लागलं’ असं म्हणतात. फ्लूची लक्षणं दिसायला लागणीनंतर साधारण एक ते चार दिवस जातात. उतरतानाच अंगात ताप असेल तर तो घरूनच आणलेला. नुसता घसा कोरडा पडला असेल तर केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली. पाणी प्यायल्यावर तो सुधारतो.

तुमच्या सासूबाईंसाठी फ्लूची लस घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्या, कारण तिचा प्रभाव यायला तेवढे दिवस लागतात. त्यांना खिडकीची जागा द्या, मधल्या वाटेवरच्या ये-जा करणाऱ्यांपासून त्या थोड्या दूर राहतील. डोक्यावरच्या झडपेतून येणारी हवा शुद्धच असते, म्हणून थंडी वाजली तर झडप बंद करण्यापेक्षा शाल घ्यावी. एन-९५ मास्क नाकाशी घट्ट बसवून लोकलमध्ये, रांगेत, विमान जमिनीवर उभं असताना आणि उतरल्यावर गाडीत जरूर घालावा. वर गेल्यावर जेवणासाठी काढावाच लागेल. शेजारच्यांचं जेवण उरकलं की मग सासूबाईंनी जेवावं. गाडीत एसी असला तरी काच थोडी खाली ठेवायला मुलाला सांगा. आणि निघण्याच्या दिवशी तुम्हालाच ताप-खोकला असेल तर तिकीट पुढे ढकला, कारण त्या विमानात तुमच्या शेजारीही कुणाच्या तरी सासूबाई बसलेल्या असतील.