तरंगोपचार : हौदात उतरण्यापूर्वी

१९५४ साली अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जॉन लिली या वैद्यकाने एक प्रश्न हाती घेतला. डोळे, कान व त्वचा यांच्याकडून येणारी वार्ता थांबली, तर मेंदू झोपी जातो काय? त्याकरिता तो श्वसनाचा मुखवटा लावून अंधाऱ्या हौदात कोमट पाण्याखाली राहिला. मेंदू जागाच राहतो, असे आढळले.

आजचा हौद याहून साधा आहे. सुमारे २५ सेंटिमीटर खोल पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम मीठ, इतके विरघळवितात की त्याची घनता साध्या पाण्याच्या सुमारे सव्वापट होते. साहजिकच पोहता न येणारा मनुष्यही उताणा तरंगतो. पाण्याचे उष्णतामान सुमारे ३५ अंश सेल्सिअस, जवळजवळ त्वचेइतकेच, ठेवितात. म्हणून काही वेळाने शरीर कोठे संपते व पाणी कोठे सुरू होते, हे कळेनासे होते.

नवख्याने त्या दिवशी दाढी करू नये. ताज्या ओरखड्याला मीठ किती झोंबते हे सांगावयास नको; आणि अशी आग होत असता विश्रांती कसली! डोळ्यांत पाणी गेल्यास चोळू नये, कारण हातालाही मीठच असते. ते गोड्या पाण्याने धुवावेत. कानांत बोळे घालावेत. भरपेट जेवण व चहा-कॉफी टाळावी. अपस्मार किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. उघडी जखम असणाऱ्याने व मद्य घेतलेल्याने मात्र मुळीच उतरू नये.

चिंता तात्पुरती कमी झाल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे. तेवढ्यावरून चालू औषध बंद करू नये. अंधाराची भीती वाटत असल्यास पहिल्या खेपेस दार किंचित उघडे ठेवण्यास हरकत नाही.