घरातला धंदा : वहीत न येणारा खर्च आणि वहीत न येणारी कमाई



मागच्या दोन महिन्यांत सहा गटांच्या बैठका झाल्या. प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न आलाच, "मॅडम, घरी बसून काहीतरी करायचं म्हणतोय, काय करू?" मला मॅडम म्हणू नका असं मी सांगते, तरी तुम्ही म्हणता, ते राहू दे. पण "घरी बसून" हा शब्द मला खटकतो. मसाला करणारी, शेवया करणारी, शिलाई करणारी एकही ताई मी आजवर बसलेली पाहिलेली नाही. म्हणून या महिन्याचा पाठ घरातल्या धंद्याच्या हिशेबावर. घरातून धंदा करावा की करू नये, हे मी सांगणार नाही. आधी काय मोजायचं तेवढं सांगते.

आपल्याच प्रभागातल्या एका ताईंची गोष्ट घेऊ. नाव लिहू नको म्हणाल्या, पण हिशेब लिही म्हणाल्या. त्या कांदा-लसूण मसाला करतात. तीन वर्षं झाली. हाताला चव आहे, दोन गावांत नाव आहे, आणि तरी त्या मला म्हणाल्या, "पैसा येतो गं, पण राहात न्हाई. कुठं जातो कळत न्हाई."

आम्ही दोघी ओट्यावर वही घेऊन बसलो. एका वेळी त्या 5 किलो मसाला करतात. सामानाचा हिशेब त्यांनी तोंडपाठ सांगितला : मिरची 560, सुकं खोबरं 320, धने 100, तीळ-खसखस-जिरं आणि गरम मसाला 450, कांदा-लसूण 160, तेल 75, मीठ 15. झाले 1680. डंकावर कांडपाचे किलोला 40 प्रमाणे 200. एकूण 1880 रुपये. पाव किलोची 20 पाकिटं होतात, 115 ला एक. म्हणजे 2300 रुपये. "420 सुटले," ताई म्हणाल्या.

मग मी विचारलं, भाजलं कशावर? गॅसवर. तो गॅस घरातलाच, म्हणून वहीत नाही. अंदाजाने 90 रुपये धरले. पिशव्या आणि लेबल 80. सामान आणायला तालुक्याला एसटीने दोन खेपा, 60. हे 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे ते धरून. झाले 230. राहिले 190.

आता तास मोजले. मिरचीचे देठ खुडायला 3 तास, मसाला निवडून भाजायला 4, कांदा-लसूण सोलून चिरायला 3, डंकावर नंबर लागून परत यायला 2, पाकिटं भरायला 2. चौदा तास. तालुक्याला जाण्यायेण्यात गेलेला वेळ यात धरलेला नाही. 190 भागिले 14 केलं तर तासाला साडेतेरा रुपये पडले. ताई काही बोलल्या नाहीत. मग स्वतःच म्हणाल्या, "आणि दर खेपेला एक पुडा नणंदेला, एक शेजारी चवीला." दोन पाकिटांचे 230. म्हणजे 190 मधून 230 गेले. वजा 40.

तीन वर्षं.

(दर तुमच्या गावचे वेगळे असतील. आकडे माझे धरू नका, पद्धत धरा.)

इथे ताईंनी जो मुद्दा काढला तो मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता. त्या म्हणाल्या, "तासाचे पैसे लावतीस खरं, पण रात्री नऊला मला खुरपायला कोण बोलावणाराय? ते तास तर फुकटच हाईत की." बरोबर आहे. मी निरुत्तर झाले. रात्री देठ खुडताना टीव्ही चालू असतो, सासूबाईही सोबत चार देठ खुडतात, त्या तासाला मजुरी लावली तर हिशेब खोटाच होईल.

पण मग आम्ही चौदा तासांतला एकेक तास घेतला आणि विचारलं, हा तास मसाल्यात गेला नसता तर कशात गेला असता? देठ खुडायचे तीन तास रात्रीचे. भाजायचं काम मात्र दिवसाच, कारण ठसका उठतो आणि घरात सासूबाईंना दम्याचा त्रास. त्या दिवशी खुरपणी बुडते, 300 ची. डंकावरचे दोन तास आणि सोलण्या-चिरण्याचे तास मिळून आणखी एक दिवस कामाला जाता येत नाही, कारण अर्ध्या दिवसाला कुणी बोलावत नाही. म्हणजे खऱ्या दोन मजुऱ्या बुडाल्या, 600 रुपयांच्या. ही रक्कम आम्ही वहीत लिहिली.

आता नवा हिशेब : 1880 अधिक 230 अधिक 600, म्हणजे 2710. दोन पाकिटं वाटण्यात जाणारच, ते नातं आहे, ते तोडू नका. विकायला राहिली 18. 2710 भागिले 18, पाकिटाला 150 रुपयांच्या थोडं वर. ताई 115 ला विकत होत्या.

"दीडशे कोण देईल?" हा पुढचा प्रश्न. याला दोन वाटा आहेत. एक, भाव हळूहळू वाढवायचा. ताईंनी दिवाळीला 130 केला, तीन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची राहिली. दुसरी वाट, एका वेळी जास्त करायचं. 15 किलो केला तर तासांची तिप्पट होत नाही. भाजायची कढई एकदाच मांडायची, डंकावर एकदाच जायचं, तालुक्याला दोनच खेपा. चौदाचे 28 तास झाले, चार मजुऱ्या धरल्या, तरी पाकिटाचा खर्च 130 च्या आत बसतो. मात्र मग सामानाला सहा हजार आधी हातात पाहिजेत आणि 60 पाकिटं घेणारी माणसंही पाहिजेत. माणसं नसताना माल वाढवला तर मसाला बरणीत आणि पैसा अडकलेला. म्हणून आधी घेणारे मोजा, मग किलो ठरवा.

आता माझी चूक सांगते, कारण तुम्ही मला तुमच्या सांगता. गेल्या वर्षी एका गटाला शेवयांच्या मशीनसाठी कर्ज काढायला मीच जोर केला होता. मार्च ते मे मशीन धडधडलं. जूनला पाऊस आला, वाळवायला ऊन नाही, घेणारंही कुणी नाही. हप्ता मात्र जूनलाही होता, जुलैलाही होता. त्या ताईंनी तो घरखर्चातून भरला. मी अर्ज भरताना वर्षाचे बारा महिने एकसारखे धरले होते. त्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "पोरी, तुझ्या कागदावर पाऊसच पडत न्हाई." ते वाक्य मी माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

ही अडचण मोठमोठ्यांना आलेली आहे. लिज्जत पापड तुम्हाला माहीत आहे. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 ला पद्मश्री जाहीर झाली. पण पहिल्या वर्षी पावसाळ्याचे चार महिने त्यांनाही काम बंद ठेवावं लागलं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. मोठं मशीन न घेता जिथं अडलं तेवढंच सोडवलं. आणि लिज्जतमध्ये पुढे पद्धत अशी पडली की बहिणी केंद्रातून पीठ घरी नेतात, लाटून वाळवून परत देतात आणि लाटण्याची मजुरी घेतात. काम घरीच होतं, पण घरी झालं म्हणून ते फुकट धरत नाहीत. पापडाच्या किमतीत लाटणारीचे हात धरलेले असतात.

उधारीबद्दल थोडंच लिहिते, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुकानदार उधारीला नाही म्हणू शकतो, कारण तो संध्याकाळी शटर ओढतो. आपल्या घराला शटर नाही. भावकी, शेजार, शाळेतल्या बाई, सगळे स्वयंपाकघरापर्यंत येतात. एका गटाने उपाय काढलाय : उधार मागणाऱ्याला सांगायचं की पैसे गटाचे आहेत, अध्यक्षांना विचारावं लागेल. निम्मी उधारी तिथंच थांबते. अध्यक्ष ताई थोड्या वाईट होतात, पण त्यांची तयारी आहे.

खाण्याचा पदार्थ विकत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करा. लहान उद्योगासाठी 2011 च्या नियमांनी त्याची फी वर्षाला 100 रुपये ठेवली, आणि अर्ज मोबाईलवरून होतो. पाकिटावर नोंदणी क्रमांक, वजन, घटक, तारीख, किंमत आणि शाकाहारी असेल तर हिरवं चिन्ह पाहिजे. अर्ज भरताना अडलं तर मला हाक मारा.

तुम्ही म्हणाल, ही पोरगी नुसती भीतीच घालते. तसं नाही. वहीत न येणारा खर्च असतो तशी वहीत न येणारी कमाईही असते, आणि ती मी त्याच ओट्यावर पाहिली. सासूबाईंना एकटं ठेवून ताईंना लांब कामाला जाता येत नाही. रोज बाहेर पडायचं ठरवलं तर तो मार्गच बंद आहे. घरातल्या वर्षाच्या मसाल्याचा खर्च त्यातच निघतो. थोरलीच्या शाळेची सहल होती, तेव्हा ताईंनी कपाटातल्या डब्यातून पैसे काढून दिले, कुणाला विचारलं नाही. पूर्वी विचारावं लागायचं, आणि विचारल्यावर आधी "कशाला" ऐकावं लागायचं. या "कशाला"ची किंमत मला वहीत लिहिता आली नाही. ताई म्हणाल्या, "ती लिवू नको. पण वजा चाळीस लिवताना ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. पण त्यांनाही एक सांगितलं. हा मान तोट्यातल्या धंद्याने टिकत नाही. ज्या दिवशी सामानाला नवऱ्याकडे पैसे मागावे लागतील, त्या दिवशी तो "कशाला" परत घरात येईल. आणि काम वाढलं तरी धुणंभांडी कमी होत नाहीत, हे सगळ्याच घरांत पाहते. त्या ताईंच्या घरी आता भाजणीच्या दिवशी संध्याकाळची भाकरी मुलगा करतो. वाकडी होते म्हणे. पण होते.

पुढच्या मासिक बैठकीला येताना एक काम करून या. धंदा करत असाल तर शेवटच्या एका खेपेचं आणि करायचा विचार असेल तर होणाऱ्या एका खेपेचं एक पान लिहा. डाव्या बाजूला पैसे देऊन आणलेलं सगळं. त्याखाली घरातलं म्हणून न धरलेलं : गॅस, लाकूड, वीज, पिशव्या, भाडं, वाटलेले पुडे. उजव्या बाजूला तास, आणि प्रत्येक तासापुढे, तो नाहीतर कशात गेला असता ते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलीला सांगून लिहून घ्या, तिलाही कळू दे. वर्षातले कोणते महिने माल खपत नाही, तिथं फुली मारा. कर्जाचा अर्ज त्या फुल्या बघून भरू.

मसालावाल्या ताई या वेळी 15 किलो करून बघणार आहेत. 41 पाकिटांची नावं वहीत आलीत, 19 अजून हवीत. कुणाला पाहिजे असेल तर बैठकीत सांगा. रोखीने.

तुमची क्षेत्र समन्वयक