रानभाजी : पान, पाककृती आणि प्रकृती

मृगाच्या सरी कोसळू लागल्या, की गोव्यातील बाजारांत टाकळा (कोकणीतील तायकिळो), तेरें, घोळ, फागलां अशा न पेरता उगवलेल्या भाज्यांचे वाटे मांडलेले दिसतात. या भाज्यांविषयी रुग्णांकडून मी दोन टोकांची मते ऐकतो. काहींना ते जुन्या टंचाईच्या काळातील अन्न वाटते, तर काहींना त्यातील प्रत्येक पान औषध वाटते. रानभाजीचे गुण केवळ पानात नसून ते रांधण्याच्या रीतीतही असतात, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घोळ

घोळीच्या मांसल पानांकडे आधुनिक आहारशास्त्राचे लक्ष वेधले ते १९८६ साली. आर्टेमिस सायमोपोलोस व नॉर्मन सालेम यांनी तिच्यातील ओमेगा-३ मेदाम्लांची नोंद त्या वर्षी प्रसिद्ध केली. सायमोपोलोस व इतर सहकाऱ्यांच्या १९९२ सालच्या अभ्यासानुसार १०० ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, १२.२ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल, २६.६ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि १४.८ मिलिग्रॅम ग्लुटाथायोन आढळले. पालेभाजीच्या मानाने हे आकडे लक्षणीय आहेत. तथापि अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे मासळीतील दीर्घ साखळीच्या मेदाम्लांत रूपांतर करण्याची आपल्या शरीराची क्षमता अल्प असते. म्हणून घोळ ही बांगड्याला पर्याय ठरत नाही.

घोळीत ऑक्झलेटही भरपूर असते. येथे आपल्या स्वयंपाकघरातील एक रीत विचारात घेण्यासारखी आहे. घोळीची भाजी अनेक घरांत ताकात करतात. दुग्धजन्य पदार्थांतील कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि आतड्यातून त्याचे शोषण कमी होते. न्यूझीलंडमध्ये मोरो व सॅव्हेज यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, घोळीत दही मिसळल्यावर विद्राव्य ऑक्झलेट घटल्याचे आढळले.

तेरें

तेरें हे अळूच्या कुळातील. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेला व घशाला टोचतात, आणि त्यांच्यासोबतची दाहक प्रथिने खाज वाढवितात. म्हणूनच तेरें कधी कच्चे खात नाहीत. ते आंबाडे किंवा सोलां घालून पुरेसा वेळ शिजवितात. ठाणे-रायगडकडे शेवळाच्या भाजीत काकडाची फळे घालतात, तीही याच अनुभवातून. पाला उकळून पाणी टाकून दिले, तर विद्राव्य ऑक्झलेट बऱ्याच अंशी निघून जाते. मात्र त्यासोबत क जीवनसत्त्वही जाते, हे विसरू नये. पालेभाजीतील कॅरोटिनांच्या शोषणासाठी मात्र स्निग्धांश लागतो. फोडणी आणि खोबरे हे काम आपसूक करतात.

टाकळा

टाकळ्याची कोवळी पानेच भाजीसाठी खुडतात. या वनस्पतीत, विशेषतः बियांत, अँथ्राक्विनोन वर्गातील रेचक द्रव्ये असतात. याच प्रजातीतील कासविंदा दिसायला जवळचा असतो. टाकळ्याच्या पर्णिका टोकाला गोलसर, तर कासविंद्याच्या टोकदार असतात. उत्तर प्रदेशातील बिजनौर भागात लहान मुलांत दरवर्षी उद्भवणाऱ्या यकृत, स्नायू व मेंदूच्या घातक विकाराचे कारण कासविंद्याच्या बिया हे असल्याचे डॉ. वशिष्ठ व सहकाऱ्यांनी २००७ साली मांडले. तेव्हा ओळख पक्की नसेल, तर भाजी खुडू नये.

रीत सुटली की

बिंबलां ही काही रानभाजी नव्हे. परंतु आमटी-कालवणाला आंबटपणा आणणारे हे आपले परिचित फळ येथे उदाहरण म्हणून घेतो. कालवणात दोन-चार फळे पडतात, त्याने अपाय होत नाही. केरळात मात्र कोलेस्टेरॉल कमी व्हावे म्हणून काहींनी त्याचा कच्चा, दाट रस घेतला. तेथील पाच रुग्णालयांतील अशा दहा रुग्णांचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. ऑक्झलेटमुळे त्यांची मूत्रपिंडे अकस्मात निकामी झाली होती, आणि सात जणांना डायलिसिस करावे लागले. फळ तेच होते. बदलले ते प्रमाण आणि सेवनाची रीत. आज पालेभाज्यांचे कच्चे रस उपाशीपोटी पिण्याची जी टूम निघाली आहे, तिचा विचार या अनुभवाच्या उजेडात व्हावा.

व्यवसायबंधूंना विनंती

पावसाळ्यात रुग्णाला ‘काय खाता?’ एवढेच न विचारता, ‘कोणती पालेभाजी, किती आणि कशी करून?’ असे विचारावे. ज्यांना वारंवार मूतखडा होतो, त्यांनी ऑक्झलेटयुक्त भाज्या बेताने व दह्या-ताकासोबत घ्याव्यात. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात पोटॅशियमचेही भान हवे. वारफरिन घेणाऱ्याला पालेभाजी बंद करण्याचे कारण नाही. फक्त के जीवनसत्त्वाचे प्रमाण एकदम वाढू-घटू नये, म्हणून रोजच्या आहारात सातत्य ठेवावे. कोणत्याही भाजीच्या भरवशावर चालू औषध थांबवू नये, हे तर निक्षून सांगावे.

इतर निरोगी मंडळींनी मात्र या भाज्या ऋतुमानानुसार, घरच्या जाणत्यांना विचारून, आवर्जून खाव्यात. डोंगरउतारावरून टोपली घेऊन येणाऱ्या बाईला भाजीचा दर विचारताना ती कशी शिजवायची हेही विचारून घ्यावे. एवढे जरी घडले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.