ट्रॅक्टरचें डिझेल आणि हांकणाऱ्याच्या संवयी

ट्रॅक्टर खरेदी करतांना शेतकरी चार दुकानें हिंडतो, अश्वशक्ति विचारतो, बँकेच्या हप्त्यांचा हिशेब करतो, आणि दोन हजार रुपये कमी करून घेण्यासाठीं अर्धा दिवस घासाघीस करतो. हें योग्यच आहे. परंतु तोच ट्रॅक्टर एकदां दारांत आला म्हणजे पुढें वर्षानुवर्षें त्यांत जें डिझेल ओतलें जातें, त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं. कॅन रिकामा झाला कीं मुलाला पंपावर धाडावयाचें, एवढाच काय तो व्यवहार. सन २०१४ च्या ऑक्टोबरांत डिझेलचा दर सरकारी नियंत्रणांतून काढून बाजारावर सोंपविण्यांत आला. तो दर आपल्या हातीं नाहीं, शेतमालाचा भावही नाहीं. एकरीं किती लिटर जाळावयाचें हें मात्र पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. आणि तें यंत्रापेक्षां हांकणाऱ्याच्या संवयींवर अधिक अवलंबून असतें, असें आमचें मत आहे.

प्रथम मोजमाप. “तासाला इतकें लागतें” असें सांगणें व्यर्थ होय. कारण त्या तासांत काम किती झालें तें त्यांत येत नाहीं. हिशेब एकरावर करावा. सपाट जागीं ट्रॅक्टर उभा करून टांकी तोंडापर्यंत भरावी, शेताचें काम पुरें करावें, आणि त्याच जागीं परत आणून मापाच्या भांड्यानें टांकी पुन्हा भरावी. जितके लिटर मावले तितके खर्च झाले. क्षेत्र सातबाऱ्यावरून घ्यावें, पण त्यांतून पोटखराबा वजा करावा. नाला आणि खडक कोणी नांगरीत नाहीं. वहींत तारीख, गट नंबर, काम, क्षेत्र, लिटर आणि हांकणाऱ्याचें नांव एवढे रकाने पुरेत. आमचें आयुष्य दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस वहीचा सोस आहे असें कोणी म्हणतील, म्हणोत बापडे. त्याच गटांत, त्याच नांगराला, एकाच्या हातीं कमी आणि दुसऱ्याच्या हातीं अधिक डिझेल कां लागतें, हा प्रश्न वहीवांचून उभाच राहत नाहीं.

त्याच्या उत्तराचा मोठा भाग मागच्या चाकाखालीं सांपडतो. नांगर ओढतांना हें चाक थोडें तरी जागच्या जागीं फिरतें. याला घसर म्हणूं. घसर अजिबात नको असें नव्हे. घट्ट जमिनींत शेंकडा १० ते १५ पर्यंत ती चालते. त्यापुढें गेली म्हणजे डिझेलही जळतें आणि टायरही झिजतो. मोजण्याची रीत सोपी आहे. चाकावर खडूची खूण करावी. ज्या शेतांत काम आहे तेथेंच औत उचलून, चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पावलें गेला तें मोजावें. मग औत जमिनींत घालून पुन्हा दहा फेऱ्यांचें अंतर मोजावें. पहिल्या वेळीं ५० आणि दुसऱ्या वेळीं ४० पावलें भरलीं, तर घसर शेंकडा २० झाली. म्हणजे पांच फेऱ्यांतील एक फेरी फुकट गेली.

घसर अधिक दिसली कीं बहुतेक जण चाकांना बिडाचीं वजनें लावतात किंवा ट्यूबमध्यें पाणी भरतात. तें कांहीं वेळां योग्य असतें. परंतु त्याआधीं टायर गुळगुळीत झाला आहे काय, त्यांत हवा माहितीपुस्तकांत दिली आहे त्याहून अधिक आहे काय, फाळ बोथट आहे काय, आणि मुख्यतः जमीन वाफशावर आली आहे काय, हें पाहावें. ओल्या काळींत चाक घसरतें, आणि वाळून दगड झालेल्या काळींत नांगराची ओढ वाढते. या दोहोंमधला वाफसा ज्याला ओळखतां येतो तो डिझेल वांचवितो, मग त्यानें यंत्रविद्येचें एक अक्षर वाचलें नसलें तरी हरकत नाहीं. खोलीचेंही तसेंच. हरभरा पेरावयाचा असतां ऊंसासाठीं नांगरावें तितकें खोल नांगरणें ही नुसती हौस होय. उलट घसर शेंकडा पांचांहूनही कमी भरली, तर चाकांवर वजन फाजील आहे असें समजून तें उतरवावें.

दुसरा विषय गिअर आणि रेस यांचा. इंजिन जितकें जलद फिरतें, तितकें अधिक डिझेल त्याच्या स्वतःच्या फिरण्यांतच खर्च होतें. पेरणी, कोळपणी, रिकामी ट्रॉली नेणें, अशा हलक्या कामांत खालचा गिअर आणि पुरी रेस ठेवण्याची चाल चुकीची आहे. वरचा गिअर घालून रेस उतरवावी. वेग तोच राहतो आणि इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात. मात्र अति करूं नये. परीक्षा अशी: काम चालू असतां रेस किंचित वाढवावी, इंजिनानें लगेच उठाव घेतला तर ठीक, तें दबलेलेंच राहिलें आणि काळा धूर सुटला, तर एक गिअर खालीं यावें. काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलें डिझेल होय. कांहीं हांकणाऱ्यांस ती ताकदीची निशाणी वाटते! रोटाव्हेटर वगैरे पीटीओवर चालणाऱ्या औतांस मात्र वरील नियम लावूं नये. त्यांस मिनिटाला बहुधा ५४० फेऱ्या लागतात, आणि त्यासाठीं पुस्तकांत सांगितलेलीच रेस ठेवावी.

शेताचा आकार पाहून खेपा आंखाव्या. जुन्या मोजणीची ३३ फुटी सांखळी पुष्कळांस ठाऊक असेल. दहा सांखळ्या लांब आणि चार सांखळ्या रुंद असा तुकडा बरोबर ४० गुंठ्यांचा भरतो. सहा फूट रुंदीच्या औतानें तो लांबीकडून केला तर २२ खेपा होतात. रुंदीकडून केला तर ५५. वळतांना औत वर असतें, पण डिझेल जळतच असतें. जमीन उताराची असल्यास मात्र हा हिशेब बाजूस ठेवून उताराला आडवेंच चालावें. माती वाहून जाण्यापेक्षां चार वळणें अधिक झालेलीं बरीं.

बांधावर चहा किंवा मोबाईलवरील बोलणें चाललें असतां ट्रॅक्टर घुरघुरत ठेवलेला सर्वत्र दिसतो. असा ट्रॅक्टर तासाला सुमारें एक लिटर पितो. रोज अर्धा तास आणि वर्षाचे १५० दिवस धरले तर ७५ लिटर होतात. लिटरास ९० रुपये धरल्यास ६,७५० रुपये. याचें कारण पुष्कळदां आळस नसून बॅटरी असते. बंद केला तर पुन्हा चालू होणार नाहीं, ही भीति! वरील रकमेंत नव्या बॅटरीचा बहुतेक खर्च निघतो. टर्बो असलेलें इंजिन जड कामानंतर एक-दोन मिनिटें हळू चालवून मग बंद करावें.

उतारावर न्यूट्रल करून ट्रॉली सोडल्यानें डिझेल वांचतें, ही समजूत खोटी तर आहेच, पण जिवावर बेतणारी आहे. गिअरांत असतां रेस सोडली म्हणजे उतारावर चाकेंच इंजिनाला फिरवितात, आणि पंप डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्यें इंजिन चालू ठेवण्यापुरतें डिझेल लागतेंच. शिवाय इंजिनाचा अटकाव जाऊन ऊंसानें भरलेल्या ट्रॉलीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

देखभालीचें थोडक्यांत. धुळीच्या कामांत हवेची गाळणी रोज पाहावी. डिझेलची गळती टाळावी: सेकंदास एक थेंब म्हणजे दिवसास ८६,४०० थेंब, आणि ४० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी दोन लिटरांवर डिझेल मातींत जातें.

राहतां राहिला हांकणारा. तो बहुधा रोजानें असतो. डिझेल मालकाचें, त्याला त्यांत लाभ नाहीं. आवाज बारीक झाला कीं “झोंपलास काय?” म्हणून ओरडणारे मालकच त्याला पुरी रेस शिकवितात. त्यास हिणवूं नये. वही त्याच्यासमोर मांडावी, आणि गेल्या हंगामापेक्षां एकरीं जें डिझेल कमी लागेल त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा त्याला देण्याचा ठराव करावा. अशा ठरावांत उथळ नांगरण्याचा मोह त्याला होईल हें उघड आहे. म्हणून खोली मालकानें स्वतः काठी घालून मोजावी. तीही बांधाच्या कडेला उभें राहून नव्हे, शेताच्या मध्यावर जाऊन.