काळी वाळू

पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या बेटावर पुनालुउ हा किनारा आहे. आम्ही तिथे एक दिवस काढला. काम काही नव्हते. नारळीच्या सावलीत बसायचे, समुद्र बघायचा.

वाळू कशी? तव्यासारखी काळी! उन्हात अनवाणी पाय ठेववेना.

त्या बेटावर ज्वालामुखी आहेत. जमिनीच्या पोटातला दगड वितळतो, त्याचा रस वर येऊन वाहू लागतो. हा तापलेला रस समुद्राला भिडला, की तडतडून फुटतो. त्याचाच चुरा म्हणजे ही वाळू. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही असाच रस थिजून झाला, बरं का! पण त्याला झाली सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. आपला पाटा-वरवंटा त्याच दगडाचा.

दुपारी मोठाली कासवे पाण्यातून वर आली आणि ऊन खात पडली. लोक दुरूनच बघत होते.

माझ्या मुलीने मूठभर वाळू रुमालात बांधली. म्हणाली, "आजीला दाखवीन."

मी म्हटले, "नको गं. इथली वाळू न्यायला कायद्याने बंदी आहे. रस आता इथे उतरत नाही. सगळ्यांनी मूठ-मूठ नेली, तर नवी कुठून यायची?"

ती रुसली. मग उठली, रुमाल सोडला आणि दोनदा झटकला.